कोहळ्याखालचा सर्व्हर

भुताखेतांचा विषय निघाला की टर उडवणाऱ्यांतला मी. आजही उडवतो... फक्त ही एक गोष्ट सोडून.

नव्वदच्या दशकाचा शेवट. नागपूरहून बंगलोरला येऊन मी जे. पी. नगरमध्ये राहायचो आणि एका सरकारी संशोधन संस्थेतले कॉम्प्युटर सांभाळायचो. आमच्याकडे प्रत्येक फाइलचे तुकडे वेगवेगळ्या मशीन्सवर विखरून ठेवलेले असत. कुठला तुकडा कुठे आहे, हे फक्त मेटाडेटा सर्व्हरला ठाऊक. तो गेला की बाकीच्या डिस्क म्हणजे निव्वळ भंगार. त्याच्या जोडीचा स्टँडबाय, म्हणजे राखीव सर्व्हर, तेव्हा दुरुस्तीला गेला होता.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, सगळी मशीन्स बंद ठेवायची पद्धत. आमचे साहेब भारी हौशी. मी नको नको म्हणत असताना त्यांनी त्याच मेटाडेटा सर्व्हरला हळदकुंकू फासलं आणि कापलेला कोहळा कुंकू भरून थेट त्याच्या डोक्यावर ठेवला. “एनू आगल्ला!” काही होत नाही म्हणे. मी प्लग काढला, खोलीला कुलूप लावलं आणि लांबलचक सुट्टीवर गेलो.

परत आलो तर आमच्या संस्थेतली संशोधक श्यामला अक्का तिच्या खोलीत टेपवर फाइली उतरवत होती. अक्का इथल्याच जुन्या मराठी घरातली. विमानाच्या पंखाच्या कंपनांवर तिची पीएचडी, आणि सगळी मोजमापं त्या फाइलींत. दुसरी प्रत नाही.

“सर्व्हर चालू केलास, बरं झालं बघ. स्वल्प थांब, संपत आलंय.”

मी कुठे चालू केला होता? किल्ली तर माझ्या खिशात होती. जाऊन दार उघडलं आणि... शी! कोहळा सडून बसला होता. त्याचं पिवळट पाणी फटीतून आत झिरपलेलं. झाकण काढलं, तर डिस्कवर पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. भक्तीच्या नावाखाली केलेली ही घाण! मला साहेबांचीही तितकीच किळस आली. आणि प्लग मी टाकला तिथेच, जमिनीवर पडलेला...

इंटरकॉम वाजला. “झालं रे! तपासल्यासुद्धा. सगळ्या सरी आहेत, अगदी बरोबर.”

तिला आणून दाखवलं. नाकाला पदर लावून ती बघत राहिली.

“मग मला फाइली दिल्या कुणी?”

मी जमिनीवरच्या प्लगकडे बोट दाखवलं.

“कुणी वाढलंय ते ठाऊक नाही, असलं ताट मी नाही रे घेणार.”

तिने टेप कचऱ्यात टाकली आणि प्रयोग पहिल्यापासून सुरू केला. त्यापायी तिचं ठरलेलं परदेशी जाणंही हुकलं. टेप मी गुपचूप उचलून ठेवली.

नवे आकडे आले तेव्हा त्या टेपशी ताडून पाहिले. असल्या मोजणीत दर वेळी थोडा तरी फरक पडतोच, पडायलाच हवा. इथे एकही आकडा वेगळा नव्हता. शेवटच्या दशांशापर्यंत तेच! म्हणजे हेही ताट त्याच हाताने वाढलेलं, आणि अक्काला मी ते कधी सांगितलं नाही.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. अक्काला पीएचडी मिळाली. म्हैसूरपाकाचा डबा घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली. “घे रे, माझ्या मेहनतीचा आहे,” म्हणाली. मी तुकडा तोंडात टाकला, हसलो, आणि ती वळल्यावर बाहेर जाऊन थुंकून आलो.