ऑल्ट मी धरायचो

सकाळी भोसरीच्या नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा होतो, तेवढ्यात दत्ताच्या मेव्हण्याचा फोन आला. "दाजी गेले… झोपेतच." बस आली, माणसं चढली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, आणि मी मात्र फोन कानाला लावून उभाच. या गोष्टीला आता महिना होत आला, तरी चाकणला कामावर जाताना शेजारच्या, दत्ताच्या सीटवर कुणी बसलं की मला उगाच राग येतो.

दत्ता लातूरकडचा. आम्ही दोघं एकाच कारखान्यात, क्वालिटीत. शाफ्ट, म्हणजे यंत्रांचे लोखंडी दांडे, मोजायचे आणि त्यांचे रिपोर्ट कॉम्प्युटरवर टाइप करायचे, हे आमचं काम. त्यात व्यासाचं चिन्ह सतत लागतं, तिरक्या रेघेनं कापलेला गोल. कीबोर्डवर त्याचं बटण नसतं. बाकीचे ते जुन्या रिपोर्टमधून उचलून चिकटवायचे. एकदा कुणीतरी चिन्हाबरोबर जुना आकडाही उचलला आणि चुकीच्या मापाचा रिपोर्ट गिऱ्हाइकाकडे गेला. तेव्हापासून दत्तानं हट्टच धरला, चिन्ह हातानंच मारायचं. डाव्या हातानं कीबोर्डवरचं ऑल्टचं बटण दाबून धरायचं, उजव्यानं शून्य, दोन, एक, सहा. अंशाच्या चिन्हाचे आकडे वेगळे, अधिक-उण्याचे वेगळे. त्याला सगळे तोंडपाठ. असले शॉर्टकट हुडकायचा त्याला नादच होता. नवा सापडला की चहाच्या सुट्टीत असा सांगायचा, जणू लॉटरी लागली.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, डावा हात मात्र गेला तो गेलाच. साहेबांनी मोजमाप काढून घेतलं आणि त्याला नुसता टायपिंगला बसवला, तेही "बघू जमतंय का" म्हणून. त्या एका वाक्यानं तो पार खचला. सुरुवातीला विचारपूस करणारे हळूहळू फिरकेनासे झाले. चहाला त्याला कुणी हाक मारेना. त्याला चालायला वेळ लागतो ना! अजूनही आठवलं की माझं डोकं तापतं.

एक दिवस त्यानं मला लांबून हाक मारली, "ए राव, ये की जरा. एवढं ऑल्ट धर." मी धरलं, त्यानं आकडे मारले, चिन्ह उमटलं. मग ते रोजचंच झालं. मी ऑल्ट धरायचो, तो आकडे मारायचा, आणि मधल्या वेळात पोरीच्या डिप्लोमाचं, भावाच्या कुरबुरींचं बोलत राहायचा. "माझं काम कोण करणार, माझा सासरा?" मी कुरकुरायचो. "त्याला ऑल्ट धरता येत असंल तर त्याला पाठव," तो म्हणायचा. हसताना त्याचं तोंड एका बाजूला जायचं… मग मी स्क्रीनकडे बघायचो.

मागच्या रविवारी त्याच्या घरी गेलो. त्याची मुलगी पूजा लॅपटॉपवर कॉलेजचा रिपोर्ट लिहीत होती. तिनं इंग्रजीत 'डाया', डायमीटरचं अर्धं नाव, असं लिहून स्पेस मारली, आणि त्या शब्दाच्या जागी व्यासाचं चिन्ह आलं. एका हातानं, ऑल्टशिवाय! मी विचारलं, "हे कुणी शिकवलं गं?"

"पप्पांनी, काका. आजारपणानंतर त्यांनीच शोधलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पण करून ठेवलं होतं."

"मग मला रोज कशाला बोलवायचा?"

तिनं लॅपटॉप अर्धा मिटला. "मीपण विचारलं होतं. म्हणाले, त्याला सांगू नको… मग तो येऊन बसायचा बंद होईल."

त्याच्या बायकोनं, शोभावहिनींनी चहा आणून ठेवला. तो तसाच निवत राहिला. अरे दत्ता, मी तसाही आलो असतो की रे! आलो असतो ना? आता हे कुणाला विचारू…

त्याचे रिपोर्ट आता माझ्याकडे आले आहेत. त्याच्याच टेबलावर बसतो. 'डाया' लिहून अजून बघितलेलं नाही. डावा हात आपोआप ऑल्टवर जातो, दाबून धरतो… आणि आकडेही आपणच मारायचेत, हे बराच वेळ ध्यानातच येत नाही.