मिस्त्री दम घ्यायला शिकले

इमारतीच्या चौथ्या मजल्यावर घर आणि तळमजल्यावर सुतारकामाचा कारखाना, असा मिस्त्रींचा संसार. जिना चढताना ते प्रत्येक वळणावर थांबत आणि कठडा हलवून बघत. "माणूस कामाचा आहे," शेजारी म्हणत. त्यांच्या बायकोलाही, म्हणजे काकूंनाही, आधी कौतुकच वाटलं. मग एक दिवस काकूंच्या डोक्यात उजेड पडला. कठडा लोखंडी होता आणि नवरा सुतार.

"अहो, दम लागतो ना तुम्हाला?"

"वय झालं. तुला नाही लागत?"

"लागला की मी बसते. लोखंडाशी कुस्ती खेळत नाही."

मिस्त्रींनी विषय बदलला. हात चालवावेत, तोंड मिटावं, असा स्वभाव. जन्मभराचा भुसा आणि सिगारेटचा धूर छातीत साचत गेला, त्याची ना दाद ना फिर्याद.

मग एका दुपारी काकू जेवणाचा डबा घेऊन खाली आल्या, तर करायला घेतलेल्या दाराचा पल्ला आडवा पडलेला आणि त्याच्याशेजारी मिस्त्री. खांदे कानांपर्यंत चढलेले, तोंड उघडं, पण शब्द फुटेना. काकूंनी डबा तिथेच टाकला आणि रस्त्यावर जाऊन गाडी थांबवली.

इस्पितळात ऑक्सिजन लागला. बरं वाटल्यावर नळीत फुंकायला लावून तपासणी झाली. श्वासाच्या वाटा अरुंद झाल्यात, डॉक्टर म्हणाले. गेलं ते परत येणार नाही, पण उरलंय ते सांभाळता येईल. कसं सांभाळायचं, ते शिकवायला व्यायाम घेणारी एक तरुण बाई आली.

"काका, तुम्ही हवा आत ओढायला धडपडता. खरी अडचण ती बाहेर सोडण्याची आहे. जुनी हवा कोंडून राहिली तर नवी मावणार कुठे? नाकानं घ्या. मग ओठांचा चंबू करून हळूच फुंकर घाला. घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला."

मिस्त्री खाटांच्या रांगेकडे बघत पुटपुटले, "चारचौघांत चंबू करायचा?"

"चारचौघांत धापा टाकताना काय राजबिंडे दिसत होता?" काकू म्हणाल्या.

पण एकदा पटलं की मिस्त्री अर्धवट काही करत नसत. सिगारेट दोनदा सुटली, दोनदा पुन्हा धरली. तिसऱ्यांदा त्यांनी पाकीट काकूंच्या हातात दिलं, डॉक्टरांकडून गोळ्या घेतल्या आणि कितीतरी दिवस खिळ्यांवरसुद्धा खेकसले. डॉक्टरांनी दिलेला औषधाचा पंप ते आधी नुसता जिभेवर मारत होते. त्यातलं औषध हळू आत ओढून श्वास रोखायचा असतो, हे आरशासमोर उभं राहून शिकले. भुसा बाहेर जावा म्हणून कारखान्यात करवत दाराशी आणली, तोंडाला मास्क बांधला, वाकावं लागू नये म्हणून टेबलाचे पाय उंच केले. रंधा पुढे रेटताना श्वास सोडायचा, मागे ओढताना घ्यायचा. काम मंदावलं. गिऱ्हाईक कुरकुरलं तर सरळ सांगत, "मला दम लागतो. घाई असेल तर दुसरा सुतार बघा." जिन्यात मध्यावर त्यांनी भिंतीला दुमडती फळी बसवली आणि तिच्यावर राजरोस बसू लागले. हळूहळू अख्खी इमारतच तिथे टेकू लागली.

एकदा शेजारच्या घरात भिंत फोडत होते. धूळ आत आली आणि मिस्त्रींचा श्वास अडकला. काकूंनी चपला घातल्या, पैशांची पिशवी घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. मिस्त्रींनी हातानंच त्यांना थांबवलं आणि खिडकी लावून घ्यायला खुणावलं. खुर्चीत पुढे झुकून त्यांनी कोपर टेबलावर टेकले आणि पंप घेतला. मग नाकानं आत, ओठांतून बाहेर. पंपानं उतार पडला नाही तर इस्पितळ, हे दोघांत ठरलेलंच होतं. काकू दाराशी उभ्या राहून त्यांच्या खांद्यांकडे बघत राहिल्या. खांदे हळूहळू खाली आले.

बऱ्याच वेळानं मिस्त्रींना बोलता आलं.

"अगं, बस इथे," ते म्हणाले. "नाकानं घे. आता हळू सोड. माझ्यापेक्षा तुलाच जास्त धाप लागलीये."

काकू बसल्या, आणि नवऱ्याच्या शेजारी बसून त्यांनीही ओठांचा चंबू केला.