अर्ध्यावर सोडलेलं जावळ

वस्तरा थांबला अन् न्हावीदादा म्हणे, "ताई, इथं कानामागं खड्यासारखं काही लागून राहिलं." मी बोट लावलं. तुरीच्या दाण्याएवढी टणक गाठ. माझी मावशी अशाच एका गाठीनं गेली होती. मी लेकाले माझ्या भावाच्या मांडीवरून उचललं अन् पळत सुटली. अर्धं डोकं गुळगुळीत, अर्ध्यावर तीन वर्षांचं जावळ. मागून सासूचा आवाज, जावळ अर्धं सोडत नसतात वं! काटोलवरून खास आलेला भाऊ टॉवेल घेऊन मागं मागं. आमची अख्खी सक्करदऱ्याची वस्ती पाहून राहिली होती.

दवाखान्यात डॉक्टरबाई त्याचं डोकं पाहून आधी हसल्याच. मले रडू फुटलं. मंग त्यायनं नीट समजावलं. मी नववी नापास. अर्धं मले कळलं, अर्धं भावानं कळवलं. केसाच्या मुळाशी मूळ पेशी झोपून राहतात. आजूबाजूच्या पेशी त्याइले निरोप देतात, उठा, वाढा. मंग थांबायचा निरोप येते. भाऊ म्हणे, "म्हणजे संत्र्यासारखं, मॅडम. पाणी तोडलं का झाड झोपते, सोडलं का बहार फुटते."

"तसंच. इथं नळ बंदच झाला नाही." काही कॅन्सरमंदीही हाच वाढायचा निरोप असा चालूच राहते, त्या म्हणाल्या. पण अशा गाठीतल्या पेशी बहुतेक जागीच मरून दगड होतात, पसरत नाहीत. तरी काढून तपासू.

घरी येताना माझ्यासंगं एकच शब्द आला. बहुतेक.

गाठ काढली. रिपोर्ट येईपर्यंत उरलेल्या केसाले मी वस्तरा लागू देला नाही, काहून ते मलेही माहीत नाही. लेक मात्र मजेत. गल्लीत सगळ्याइले डोकं फिरवून दाखवे, "इकडून टकला, इकडून हिरो."

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. मी दवाखान्यातच खाली बसली अन् हसत सुटली.

टाके सुकल्यावर भाऊ संत्र्याची थैली घेऊन पुन्हा आला. तवर टकल्या बाजूलेही बारीक केस फुटले होते. निरोप मिळाला होता त्याइले, वेळेवर. मी तिथं गाल घासून घेतला. मंग पुरं डोकं केलं. सासू म्हणे, दोनदा जावळ झालेलं आमच्यातलं हे पहिलंच पोरगं.

पण टोमणा अजून मारतेच, पाच मिनिटं थांबली असती तर काय बिघडलं असतं? आता तुम्हीच सांगा, तुमच्या बोटाले ती गाठ लागली असती, तर तुम्ही जावळ पुरं करून गेल्या असत्या, का माझ्यासारख्या तशाच पळाल्या असत्या?