पडदा मी ओढला

सात मिनिटं उशीर झाला म्हणून कवठे महांकाळकडच्या एका संघाला मी तोंडाला रंग लावलेलाच माघारी पाठवला होता. वाटेत त्यांचा टेम्पो पंक्चर झाला होता. वेळ वाचावा म्हणून त्यांनी टेम्पोतच रंगवून घेतलं, मिशा चिकटवल्या. ते दारात आले तोवर माझी तिसरी घंटा होऊन पुढच्या संघाचा पडदा उघडला होता. त्यांच्यातली एक बाई हात जोडून म्हणाली, "आवं आबा, लेकरू घरी ठिवून आलोय आमी." मी म्हणालो, "मग लेकराजवळ बसायचं हुतं." तिचं काजळ गालावर उतरलं. ते मी बघितलं आणि आत गेलो.

हे मी लाजून सांगत नाही. त्या दिवसापासून आमच्या एकांकिका महोत्सवाला आजूबाजूच्या जिल्ह्यांत नाव झालं. साताऱ्याचे संघ अर्धा दिवस आधी येऊन बसायला लागले. एकदा आमदार फाटकात गाडीतून उतरत होते आणि मी घंटा दिली. त्यांना अंधारात चाचपडत खुर्ची शोधावी लागली. लोक महिनाभर तेच सांगत होते.

महोत्सव आम्ही दोघांनी काढला. मी आणि माझा जोडीदार. बांधाला बांध लागून आमची जमीन. शाळा एकच. मी चौथीत सोडली, त्यानं सातवी केली. मी फौजेत गेलो आणि वेळ शिकून आलो. तो गावात राहिला आणि नाटक शिकला. तीन दिवस एकांकिका करायच्या, तिकीट लावायचं नाही, कुणी घरी काही न्यायचं नाही, हे पहिल्या वर्षीच देवळाच्या कट्ट्यावर ठरलं. घंटा माझी, स्टेज त्याचं.

त्यानं स्वतः लिहिलेली एक एकांकिका होती, पाटकऱ्याची. पाटाचं पाणी ज्याच्या त्याच्या पाळीनं सोडणारा तो पाटकरी. जन्मभर दुसऱ्याची रानं भिजवतो आणि शेवटी कोरड्या पाटात उभा राहून गावाशी बोलतो. ते बोलणं आठ मिनिटांचं. त्यात रडणं नाही, ओरडणं नाही. नुसता हिशेबानं बोलल्यासारखा बोलायचा, आणि पुढच्या रांगेत तंबाखू मळणाऱ्यांचे हात थांबायचे. दरवर्षी महोत्सवाचा शेवट त्याच बोलण्यानं व्हायचा. मी विंगेत उभा राहून ते इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यानं कुठं श्वास घ्यायचा तेसुद्धा मला माहीत होतं.

अलीकडं दिवस फिरले. कारखान्याची बिलं वेळेवर निघेनात, तशी बाजारपेठ बसली. कापडवाला, खतवाला, सोनार, जे आपणहून आम्हाला चहाला बोलवायचे, ते आम्ही दिसलो की फोन कानाला लावायचे. कापडवाला तर तोंडावर म्हणाला, "आबा, सकाळपासनं दुकानात माणूस आलं न्हाई. आलासा ते तुमीच, आन् ते बी मागायला." सभागृह आधी तीन दिवस पुरं आमचं असायचं. आता सहानंतर ते लग्नकार्याला द्यायचं ठरलं, कारण ते लोक भाडं भरतात आणि आम्ही भरत नाही. सहाला जागा रिकामी करीन असं मी लिहून दिलं. आमची नाटकं संध्याकाळची होती ती भर दुपारी गेली.

महोत्सव बंद पडणार असं गाव बोलायला लागलं तेव्हा एक डेअरीवाला पुढं आला. वयानं माझ्या पोराएवढा. दोन तालुक्यांचं दूध त्याच्याकडं जायचं. पाया पडला आणि म्हणाला, "आबा, मांडव, जेवण, बक्षिसं, सगळं माझ्याकडं. फक्त शेवटच्या दिवशी आमच्या वडलांच्या नावानं जरा कार्यक्रम करू."

मी जोडीदाराला सांगितलं.

तो म्हणाला, "कार्यक्रम म्हंजे काय रं?"

"आसतील दोन-चार सत्कार."

"आन् त्यो उशिरा आला तर?"

"माजी घंटा कवा कुणाच्या बापासाठी थांबलीया?"

"त्याचा बाप मेलाय. त्याच्यासाठीच थांबायची हाय," तो म्हणाला आणि हसता हसता त्याला खोकला लागला.

तो खोकला चार महिन्यांचा होता. तंबाखूनं घसा धरला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटी काढावी लागेल, माणूस वाचेल पण बोलणार नाही. शुक्रवारी या म्हणाले. हा म्हणाला, "सोमवारी काढा. रविवारी मला ती लागतीया." डॉक्टर रागावले. त्याची बायको डॉक्टरांच्या खोलीतच रडली. पण तो हटला नाही. रविवारी पाटकऱ्याचं शेवटचं बोलणं स्वतःच्या आवाजात पुरं करायचं, मग काय काढायचं ते काढा, एवढं एकच त्यानं धरलं होतं. माझ्याकडं येऊन म्हणाला, "गड्या, ह्या येळी मला पुरा टायम दे."

मी म्हणालो, "दिला."

रविवारी त्याची घंटा तीनची होती. तीनला डेअरीवाल्याचा फोन आला, "आबा, निघालोच." मी घंटेपाशी उभा होतो. हात वर गेला आणि खाली आला. साडेतीनला परत फोन, "आष्ट्यात आलोय." सभागृहातली माणसं उकाड्यानं हैराण झालेली. मागनं एकजण ओरडला, "आबा, घंटा चोरीला गेली का वं?" सगळं सभागृह हसलं. दुसरा म्हणाला, "न्हाई न्हाई, दुधात पडलीया!" पुन्हा हशा. माझ्या जन्मात माझ्या महोत्सवात माझ्यावर कुणी हसलं नव्हतं. मी मागं वळून बघितलंसुद्धा नाही, पण कोण होते ते आवाजावरून ओळखून ठेवलं.

पावणेचारला तो आला. पाच गाड्या. मग सत्कार. त्याचा, त्याच्या आईचा, भावांचा, डेअरीच्या संकलकांचा, गाडीवाल्यांचा. प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ, आणि प्रत्येकाचा वेगळा फोटो. एकाचं नाव घ्यायचं राहिलं, तो रुसून बाहेर गेला. त्याला समजावून आणला आणि पुन्हा पहिल्यापासून टाळ्या. मग डेअरीवाला बोलायला उठला. वडील किती कष्टाळू होते इथपासून पशुखाद्यापर्यंत आला.

मी विंगेत गेलो. जोडीदार धोतर, मुंडासं घालून, खांद्यावर फावडं घेऊन उभा होता. गालात खडीसाखर. आवाज वाचवायचा म्हणून सकाळपासून कुणाशी बोलला नव्हता. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "त्याला बसीव."

"बसतोय आता."

"तू बसीव. न्हाईतर घंटा दे. तो आपोआप बशील."

मी घड्याळ बघितलं.

"लेका, आमदाराला अंधारात ठिवलास, आन् ह्याला भितोस व्हय?"

मला ते लागलं. मी म्हणालो, "पुढच्या साली तू आणणार हायस का मांडव? कुठनं आणशील?"

पुढच्या साली हा शब्द त्या दिवशी त्याच्यासमोर काढायचा नव्हता. त्यानं फावडं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

सव्वापाचला पडदा उघडला. एकांकिका पन्नास मिनिटांची. मला तेव्हाच कळत होतं की पुरी होणार नाही. त्यालाही कळत होतं. मधले दोन प्रवेश त्यानं उभ्या उभ्या कापले, बरोबरच्या पोरांना डोळ्यानं खुणावून पुढं नेलं. पण घसा साथ देत नव्हता. एका वाक्यानंतर गिळायला थांबायचा आणि गिळताना त्याचा चेहरा गोळा व्हायचा. लोकांना वाटलं अभिनय आहे. सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येईल एवढी शांतता झाली.

सहाला दहा कमी असताना त्यानं शेवटचं बोलणं सुरू केलं.

दारात हळदीची मंडळी येऊन थांबली होती. झेंडूच्या माळांच्या पाट्या, खुर्च्यांची कापडं. मुलीचा बाप, साधा माणूस, विंगेपाशी आला आणि टोपी हातात घेऊन हळूच म्हणाला, "चालू द्या आबा. आमाला धा-पंधरा मिंटांनी काय फरक पडत न्हाई. लय ब्येस बोलाय लागल्यात ते."

हे इथं लिहून ठेवतो, कारण गावात मी वेगळं सांगितलंय. गावाला सांगितलं की लग्नवाले ऐकत नव्हते. ते ऐकत होते.

पहिल्या रांगेत डेअरीवाल्यानं जांभई दिली, मनगट वर करून घड्याळ बघितलं आणि माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. पण त्याच्यामुळंही मी ते केलं नाही. दुपारभर माझी वेळ मोडली होती, लोक हसले होते. ती वेळ मला कुणाच्या तरी अंगावर पुरी करून घ्यायची होती. डेअरीवाल्याच्या अंगावर करायची हिंमत नव्हती. समोर जो होता तो माझा होता.

बरोबर सहाला मी घंटा दिली.

तो थांबला नाही. विंगेकडं एकदा बघितलं आणि पुढचं वाक्य घेतलं. मी दोरीवाल्याला म्हणालो, "ओढ."

दोरीवाला वीस वर्षं माझ्या हाताखाली होता, माझ्यापुढं कधी मान वर केली नव्हती. त्यानं दोरी सोडली. "आबा, मी न्हाई ओढणार. पाया पडतो, करू द्या त्यास्नी."

मी त्याला खांद्यानं बाजूला केला आणि पडदा मी ओढला.

पडदा दोन्हीकडून आला तसा तो मधल्या फटीकडं सरकला, लोकांना तोंड दिसावं म्हणून. फट मिटली. पडद्याच्या आत त्यानं आणखी दोन वाक्यं म्हटली. बाहेर लोकांना वाटलं संपलं. टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या टाळ्यांत त्याचा आवाज बुडाला. मग तो गप्प झाला. फावडं खाली ठेवलं. माझ्याकडं येऊन, त्याच फाटक्या आवाजात म्हणाला, "टायम बरोबर आला का बघ. न्हाई आला तर परत उघड, परत ओढ."

मी म्हणालो, "नियम म्हंजे नियम."

त्याचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं ते. सोमवारी त्याला मिरजेला नेलं. मी गेलो नाही. मांडव उतरायचा होता.

दवाखान्यातून तो घरी आला त्याला महिना होऊन गेल्यावर मी गेलो. त्याची बायको पाणी घेऊन आली, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "भावजी, आता आलासा व्हय? बोलाय येत हुतं तवा यायचं न्हाई, आन् आता काय ऐकाय आलासा?"

"कामं हुती, वहिनी."

"व्हय की. तुमची कामं मोठी."

तो खाटेवर बसला होता. गळ्याला भोक, त्यावर पांढरी जाळी. श्वास तिथून यायचा, शिट्टीसारखा. मला बघून त्यानं ना तोंड फिरवलं ना तो हसला. शेजारी लिहायची पाटी होती, तिला हात लावला नाही. समोरच्या खुर्चीकडं बोट केलं. मी बसलो. तो खाट सोडून उभा राहिला, पाय थोडे फाकवले आणि ओठ हलवायला लागला.

दोन वाक्यांत मला कळलं. पाटकरी बोलत होता. पहिल्यापासून. आवाजाचा कण नाही, पण शब्द न् शब्द तोंडावर दिसत होता. हात जिथं उचलायचा तिथं उचलत होता, थांबायचं तिथं थांबत होता. वहिनी दाराला टेकून उभी राहिली. सहा-सात मिनिटं झाली असतील. मी ज्या वाक्यावर पडदा ओढला होता ते गेलं. आतल्या बाजूला म्हटलेली ती दोन गेली. तीन वाक्यं राहिली होती.

माझ्या खिशात फोन वाजला. डेअरीवाला होता. चार दिवस मी त्याच्या मागं होतो, पुढच्या सालचं काय म्हणून, आणि तो फोन उचलत नव्हता. आत्ता त्यानं आपणहून केला होता.

मी उठलो आणि अंगणात जाऊन फोन घेतला. तो म्हणाला, "आबा, पुढच्या सालीबी करू. पण ह्या वक्ताला सत्कार जरा वाढतील." मी म्हणालो, "वाढू द्या की. काय हरकत न्हाई."

आत आलो तर तो भिंतीकडं तोंड करून निजला होता. मी वहिनीला विचारलं, "झालं का त्याचं?"

"तुमी उठलासा तिथंच थांबले."

ती तीन वाक्यं मला पाठ आहेत. मी तिथं उभ्यानं म्हणून दाखवली असती तर त्यानं ऐकली असती, कान त्याचे चांगले आहेत. ओठापर्यंत आलीही होती.

मी म्हणालो, "बरं, पुढच्या सालचं ठरलं बरं का. तारखा कळवतो." आणि चपला घातल्या.