नोराबाईंचं तोरण

पद्मजा अकरा वर्षं आयर्लंडमधल्या टॅला गावच्या हॉस्पिटलात नर्स होती. नागपूरहून आईने ओवून दिलेलं मण्यांचं तोरण तिच्या दारावर बारा महिने असायचं. दसरा आठवड्यावर आला असताना तिने ते उतरवलं. मागच्या रस्त्यावर एका टोळक्याने तिच्या भाच्याला, आकाशला, भारतीय म्हणून मारलं होतं. उगाच घर कशाला ओळखू द्यायचं?

शेजारच्या म्हाताऱ्या नोराबाई चहाला आल्या आणि रिकाम्या चौकटीकडे बघत राहिल्या.

“माझ्या खापरपणजोबांचा भाऊ फिलाडेल्फियात होता,” त्या म्हणाल्या. “अठराशे चव्वेचाळीस साली बाहेरून आलेले म्हणून आयरिश लोकांची घरं जाळत जमाव निघाला. या भावाने दारावरचा क्रूस काढून अमेरिकेचा झेंडा लावला.”

“मग वाचलं घर?”

“छे! शेजाऱ्यानेच बोट दाखवलं.”

पद्मजा भडकली. “म्हणजे लावलं तरी मार, काढलं तरी मार! माणसाने करायचं काय?”

नोराबाईंनी शांतपणे कप खाली ठेवला.

“ते मला नाही ठाऊक. पण इथली शेजारीण मी आहे. तुझं तोरण परत लाव, आणि आईकडून तसलंच एक मला मागव. माझ्या दाराला.”