चारही चाकं गरम

आमच्या घरी दसऱ्याला गाडीचं बॉनेट उघडायचा मान फक्त बाबांचा. खंडेनवमीला पाने-पकडी पुसून पाटावर मांडायच्या, दसऱ्याला सकाळी अंघोळ करून गाडीचं सगळं ऑइल-पाणी स्वतःच्या हाताने भरायचं आणि मगच हार घालायचा. बस डेपोच्या वर्कशॉपात ते हेड मेकॅनिक होते. ते निवृत्त झाल्यावर आम्ही पनवेलला राहायला आलो, तरी इथल्या एकाही गॅरेजवाल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. उरलेलं ऑइल टाकून देणं त्यांना पाप वाटे. थोडं ब्रेक ऑइल, थोडं इंजिन ऑइल, असं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ते बाल्कनीतल्या कपाटात ठेवत. बाटल्यांवर नावाची चिठ्ठी नसे. मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, ज्याला नाक नाही त्याला चिठ्ठी लागते. एक थेंब दोन बोटांत चोळायचा, हुंगायचा आणि कुठलं काय ते सांगायचं, अशी त्यांची पद्धत.

यंदाचा दसरा होऊन थोडे दिवस झाले होते. आम्ही उरणजवळ मोऱ्याला आत्याकडे निघालो, आणि गाडी अर्थातच बाबा चालवत होते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. वर्षभर माझा एक डोळा त्यांच्यावरच असे. गॅस चालू राहायचा. जेवण झाल्यावर जेवायला कधी वाढतेस म्हणून विचारायचे. डॉक्टरांचं नाव काढलं की खवळायचे. वय झालं की होतंच, म्हणून मी बाकीचं सोडून देत होते, पण गाडीचं सोडता येत नव्हतं. उरणच्या रस्त्याला कंटेनरचे ट्रेलर धावतात, तिथे एक चूक पुरते. चावी मागायची कशी, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता. ज्या माणसाने जन्मभर बसचे ब्रेक दुरुस्त केले, त्याला आता तुम्ही गाडी चालवू नका, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

गव्हाण गावाच्या अलीकडे मला जळका वास आला. बाबांना विचारलं, तर आधी म्हणाले बाहेरचा असेल, आणि मग म्हणाले, कसला वास? गाडी जड झाली होती. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून कुणी दोर ओढल्यासारखी मंदावायची. मागचा ट्रेलर हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी ओरडलेच, तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली. पुढच्या चाकांतून धूर येत होता.

आणि खोटं कशाला बोलू, त्यानंतर रस्त्याच्या कडेला मी जे बाबा पाहिले, त्यांच्याविषयी शंका घेतल्याची मला लाज वाटली. गावातला एक मोटरसायकलवाला थांबला आणि कॅनमधलं पाणी चाकांवर मारू का, म्हणाला. "आमी तर नेहमी पानीच मारतो." बाबांनी हात आडवा घातला. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती तडकते, आपसूक निवू दे, म्हणाले. मग हँडब्रेक सुटलेला आहे ना, ते पाहिलं. गाडी न्यूट्रलला टाकून आम्हा दोघांना ढकलायला लावली. गाडी तसूभर हलली नाही. मग हाताची मागची बाजू प्रत्येक चाकाजवळ नेत, न टेकवता, ते गाडीभोवती फिरले आणि मला समजावू लागले. एकच चाक गरम असतं, तर दोष त्या चाकात. हँडब्रेक अडकला असता, तर मागची दोनच तापली असती. इथे चारही गरम आहेत, म्हणजे दोष वर आहे, जिथून चारही चाकांकडे ब्रेक ऑइल जातं तिथे. चाक निवल्यावर त्यांनी डिकीतून पाना काढला आणि चाकाच्या मागच्या बाजूचा, ब्रेक ऑइल बाहेर काढायचा छोटा निपल सैल केला. पेडलवर कुणाचा पाय नसताना ऑइलची चिळकांडी उडाली. दाब आत अडकून बसलाय, ते म्हणाले, आणि मला वाटतं ते खूश होते.

मग बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं, तर त्याच्या आतलं रबर फुगून वेडंवाकडं झालेलं. बाबांनी माझी पाण्याची बाटली मागून घेतली आणि तिच्यात डबीतल्या ऑइलचे थोडे थेंब सोडले. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. हे तरंगत राहिलं.

"कोणा गाढवाने यात इंजिन ऑइल ओतलंय," ते म्हणाले. "त्याने आतली सगळी रबरं फुगतात आणि धरलेला ब्रेक सुटत नाही. माणसं मरतात यात. माझ्या गाडीला हात कोणी लावला?"

त्यांनी ओली बोटं चोळून नाकाशी नेली, पुन्हा नेली. मग फडक्याला हात पुसले, गाडीची चावी काढून माझ्या हातात ठेवली आणि टोइंगवाला येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसले. वर्षभर जी चावी मागायला माझी जीभ रेटत नव्हती, ती न मागता मिळाली, आणि मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली पार्किंगमध्ये जाऊन वर आले आणि गाडी कुठे आहे, म्हणाले. गॅरेजमध्ये आहे, ब्रेक धरून राहत होते, असं मी सांगितलं. ते खुर्ची ओढून समोर बसले. एक चाक गरम होतं की चारही? हँडब्रेक पाहिलास? झाकणाचं रबर कसं होतं? मी सांगत गेले आणि ते एकेक शक्यता खोडत बरोबर तिथेच पोचले. कालचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. गव्हाण नाही, धूर नाही, चावी दिलेलीही नाही.

"म्हणजे इंजिन ऑइल घातलंय. कोणी घातलं?"

"मी घातलं, बाबा."

मग त्यांनी माझी अक्कल काढली, शिक्षण काढलं, ऑफिसात मला पगार कोण देतं तेही विचारलं. मी खाली मान घालून ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं. कित्येक महिन्यांत ते इतके खणखणीत बोलले नव्हते. पण बोलून झाल्यावर म्हणाले, आता तू गाडीला हात लावायचा नाहीस. आली की चावी माझ्याकडे, शब्द दे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शब्द दिला असता, तर ते पुन्हा त्या ट्रेलरांच्या गर्दीत गेले असते.

म्हणून खरं सांगितलं. कपाटातली बाटली त्यांनीच काढली होती, ऑइल त्यांनीच ओतलं होतं, आणि काल चावीही त्यांनीच दिली होती. त्यांनी वाद घातला नाही. बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसले.

"अजून काय काय केलंय मी?"

मी गॅसचं सांगितलं, जेवणाचं सांगितलं, काही लपवलं नाही. ते मन लावून ऐकत होते. उद्या सकाळी ते पुन्हा पार्किंगमधून वर येतील आणि मला हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं.