मिटलेल्या डोळ्यांची गोलकीपर

लोक विचारतात, एवढ्या जोरानं येणाऱ्या चकतीसमोर उभं राहायला भीती नाय वाटत? वाटते की! लई वाटते. आठ हिवाळे मी बर्फावरच्या हॉकीत गोलापुढं उभी राहिले, याच खेळावर मला नोकरी लागली, आणि एकही सामना असा आठवत नाही ज्याच्या आधी माझी पाचावर धारण बसली नव्हती. ती चकती कडक रबराची असते, तळहातावर बसेल एवढी. थंडीनं गोठली की निव्वळ दगड.

तेव्हाच्या औरंगाबादेत बर्फ कुठला? आम्हाला बर्फ ठाऊक होता तो रसवंतीवरचा, भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी. माझे वडील सोयगावकडचे धनगर. मेंढरं थोरल्या भावाच्या हवाली करून ते शहरात आले आणि चिकलठाण्यात एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. गेटच्या पलीकडं सिमेंटचं स्केटिंगचं मैदान होतं. शाळा सुटल्यावर पोरगी घरी एकटी नको, नजरेसमोर राहील, म्हणून दादांनी मला तिथं सोडलं. दादा म्हणजे वडीलच, आम्ही त्यांना तसंच म्हणायचो.

तिथं चाकांचे बूट घालून पोरं हॉकी खेळायची. बारा वर्षांची असताना मी गोलाजवळ उगीच उभी होते आणि एका दांडगट पोरानं मारलेला चेंडू थेट माझ्या तोंडाकडं आला. मी हलले नाही. चेंडू कानाला घासून गेला. शिकवणारे सर ओरडले, "अरे, बघा रे! ही पोरगी वाघीण आहे, वाघीण! जागची हलली नाही." अहो, कसली वाघीण! मी भीतीनं थिजले होते. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणी एवढं कौतुक करत होतं, मग कशाला बोलायचं? त्या दिवसापासून मी गोलकीपर झाले.

खरं काय होतं ते मलाच ठाऊक होतं. चेंडू सुटला की माझे डोळे आपोआप मिटायचे. अंगावर आला तर अडायचा, बाजूनं गेला तर गोल. अंग मोठं होतं, शिवाय आईनं गुलमंडीच्या बाजारातून कापूस आणून माझ्या पॅडमध्ये गोधडीसारखं जाड अस्तर शिवलेलं, त्यामुळं बरेच चेंडू आपणहून अडायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझे तर झाकलेले डोळे होते. जाळीच्या हेल्मेटमागं कुणाला दिसत नव्हते. पाच वर्षं तशीच गेली. रोज वाटायचं, आज कळणार. आणि त्याहून मोठी भीती ही, की कधीतरी तो चेंडू अशा जागी लागेल की डोळे परत उघडायचेच नाहीत.

मग राज्याच्या संघात माझी निवड झाली. लेहला, खऱ्या बर्फावर जायचं होतं. चेंडूऐवजी चकतीनं सराव सुरू झाला. दिवाळीच्या आधी सरांनी त्याचं शूटिंग केलं आणि लॅपटॉपवर थांबवून थांबवून बघितलं. मला बोलावलं. पडद्यावर माझं तोंड मोठं केलेलं होतं. काठी उगारलेली, चकती अजून सुटलेलीसुद्धा नाही, आणि जाळीमागं माझे डोळे घट्ट मिटलेले.

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "पाच वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, ही घाबरत नाही म्हणून. अगं, तिथं चकती डोक्याएवढ्या उंचीवर येते. मिटल्या डोळ्यांनी मान वळवलीस आणि गळ्यावर बसली तर? लेहच्या पहिल्या सामन्यात डोळे मिटलेले दिसले, तर तुझं नाव मीच काढणार."

दिवाळीला आम्ही गावाकडं गेलो. चार दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. शेवटी काकांनीच हटकलं. काका म्हणजे मेंढरं सांभाळणारे थोरले चुलते. त्यांचा डावा डोळा पांढरा फटक होता. लहानपणी देवी आल्या त्यात गेला, असं घरात सांगायचे. "काय गं, पुरणपोळीवर रुसलीस व्हय?" त्यांनी विचारलं आणि मी रडत रडत सगळं ओकून टाकलं. दादा शेजारीच बसले होते. काका उठले आणि आढ्यात खोवलेली गोफण काढून दादांपुढं धरली.

दादांनी हात मागं घेतला. गोफण ते कधीच धरत नसत. धनगराचा गडी आणि गोफण वर्ज्य, म्हणून गावात त्यांची थट्टा व्हायची. चुकलेलं मेंढरू वळवायला दुसरे गडी गोफणीनं त्याच्या पुढं खडा टाकत, दादा नुसते ओरडत धावत.

"घे," काका म्हणाले. "चाळीस वर्सं झाली."

"नाय. तिच्यावर नाय."

मला काहीच कळेना. तेव्हा काका माझ्याकडं वळले. "पोरी, माझा डोळा देवीनं नाय नेला. तुझ्या बापाच्या गोफणीनं गेला. आठ वर्साचं पोर हे, मेंढरू वळवायला धोंडा सोडला अन् मी मधी आलो. आता खरी गोष्ट सांगू? धोंडा येताना मला दिसला व्हता. एक पाऊल सरकलो असतो तर गेला असता बाजूनं. पण मी भ्यालो अन् डोळे मिटून हुबा राहिलो. तुझ्यावाणीच."

आई चुलीपाशी होती, तिनं हातातलं उलथणं खाली ठेवलं. दादा जमिनीकडं बघत होते.

बाजरी काढून झालेल्या मोकळ्या रानात आम्ही तिघं गेलो. दगड नाही, मातीची ढेकळं घ्यायची असं ठरलं. मी पॅड बांधले, हेल्मेट घातलं. काका माझ्या उजव्या हाताला येऊन उभे राहिले, अंगात नुसती बंडी, तोंडावर काही नाही. "मी हाय पोरीच्या शेजारी. सोड तू," ते म्हणाले.

वीसेक पावलांवर दादांनी गोफणीचं एक टोक बोटात अडकवलं आणि दुसरं मुठीत धरलं. त्यांचा हात लटलट कापत होता. ज्याचा हात कापतोय असा माणूस आपल्यावर नेम धरतोय, आणि शेजारी एकच डोळा उरलेला माणूस उघड्या तोंडानं उभा आहे! पळून जावं म्हटलं तर पाय उचलेनात.

"दगडाकडं बघू नगंस," दादा ओरडले. आवाज फाटला होता. "माझ्या खांद्याकडं बघ! कुठं जायचं ते धोंडा सुटायच्या आधीच ठरतंय, खांदा सांगतोय!"

गोफण भिरभिरली, फट्ट आवाज झाला आणि माझे डोळे मिटले. ढेकूळ मागं जाऊन फुटलं. काका म्हणाले, "पुन्हा." पुन्हा मिटले. दहादा मिटले, वीसदा मिटले. दादांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला. उन्हं कलली तेव्हा कधीतरी खांदा फिरला, ढेकूळ सुटलं आणि ते मला दिसलं. तांबूस, थोडं चपटं, गिरक्या घेत येणारं. मी हात वर केला आणि ते तळव्यावर फुटलं. माती काकांच्या तोंडावर उडाली. ते थू थू करत हसायला लागले, आणि दादा मटकन खाली बसले.

पण रानात एक दिवस जमलं म्हणून लेहला जमेल, याचा काय भरवसा? तिथला पहिला सामना गोठलेल्या तळ्यावर होता. बुटाखाली बर्फ, बर्फाखाली पाणी, आणि मला पोहता येत नाही! मधूनच तळ्यातून ढम्म असा आवाज यायचा आणि मी जिथल्या तिथं जीव मुठीत धरायची. तिथल्या मुली हसून म्हणायच्या, बर्फ बोलतोय म्हणजे पक्का आहे. त्यांना काय जातंय म्हणायला? त्या तिथंच वाढलेल्या. कडेला सर कॅमेरा माझ्या तोंडावर रोखून उभे होते.

शेवटची काही मिनिटं उरली असताना समोरच्या संघातली एक मुलगी एकटीच चकती घेऊन सुसाट निघाली. मध्ये कुणी नाही. पापण्या जड झाल्या, मिटायला निघाल्या. मी तिचा खांदा धरला. म्हणजे नजरेनं हो! खांदा फिरला, काठीचं पातं वळलं, आणि चकती सुटली ती मी बघितली. काळीभोर, आडवी गिरकी घेत, माझ्या डाव्या खांद्यावरून जाणार हे मला चक्क दिसलं. हात उचलला, पण चार बोटं कमी पडली. गोल झाला. आम्ही हरलो.

सरांनी तिथंच बर्फावर बसून शूटिंग थांबवून बघितलं. मी पुढं उभी, दात वाजत होते, ते थंडीनं की भीतीनं कोण जाणे. कॅमेरा बंद करून ते म्हणाले, "उद्या पण तूच उभी राहा."

संध्याकाळी गावाकडं फोन लावला. दादा सुट्टी काढून तिथंच जाऊन बसले होते. फोन काकांनी उचलला. हरलो की जिंकलो ते त्यांनी विचारलंच नाही.

"डोळे?"

"उघडे होते, काका."

"दिसलं?"

"सगळं दिसलं. गोल झाला, तो बी दिसला."

काका हसले. मग फोन तोंडापासून लांब धरून कुणाला तरी म्हणाले, "आरं, उघडे व्हते तिचे. ऐकलंस का? उघडे व्हते." मी दादा, दादा म्हणत राहिले. पलीकडून नुसता माझ्या बापाच्या रडण्याचा आवाज येत होता.